गुरुऋण आणि थडीवरचा पूल



बऱ्हाणपूर जिल्ह्यातील तुकईथड हे सातपुड्याच्या कुशीतले लहानसे गाव. खंडवा-अकोला या जुन्या मीटरगेज लोहमार्गावरचे एक स्थानक म्हणून ते पुष्कळ प्रवाशांच्या परिचयाचे होते. प्रशासनाच्या दृष्टीने ते मध्य प्रदेशात आहे. परंतु त्याच्या नावातले दोन्ही शब्द मराठी कानाला परके वाटत नाहीत. तुकाई ही महाराष्ट्रात ठिकठिकाणी पुजली जाणारी देवी, आणि थड म्हणजे काठ. या मुलखात कोरकू, मराठी आणि हिंदी या भाषा एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत. काठावर राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट न शिकवताच समजते. पैलथडीला जायचे तर पूल लागतो. आणि पूल ओलांडला म्हणून अलीकडचा काठ नाहीसा होत नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे गुरुऋण. त्यातही ज्या मराठी माणसांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली, त्यांनी मानलेले गुरुऋण. जो आपल्या जन्माच्या धर्मातच वाढला आणि त्यातच राहिला, त्याला आपले गुरू कोण, हा प्रश्न फारसा छळत नाही. जो एका काठावरून दुसऱ्या काठावर गेला, त्याला मात्र तो टाळता येत नाही. ऋण कोणाचे मानायचे? ज्यांनी अलीकडे वाढविले त्यांचे, की ज्यांनी पलीकडे हात देऊन ओढून घेतले त्यांचे? एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात या प्रश्नाला दोन्ही बाजूंकडून तयार उत्तरे मिळत. धर्मांतर करणारा म्हणजे कृतघ्न, मागचे सारे विसरणारा, असे त्याचे आप्तस्वकीय म्हणत. मागचे सारे सोडल्यावाचून नवी श्रद्धा खरी नव्हे, अशी अपेक्षा काही पाश्चात्त्य धर्मोपदेशकही बाळगीत. रेव्हरंड नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक या तिघांनी ही दोन्ही उत्तरे नाकारली. त्यासाठी त्यांना किंमतही मोजावी लागली. म्हणून त्यांच्या कृतज्ञतेला केवळ शिष्टाचाराहून अधिक मोल आहे.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. कीर्तन, पुराण, अभंग आणि संस्कृत काव्य हे त्यांच्या मनाचे पहिले अन्न. पुढे नागपूरला ग्रंथसंपादनाचे काम करून ते नोकरीच्या शोधात राजनांदगावला निघाले. वर्ष १८९३. आगगाडीच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. त्यांनी सौजन्याने जागा करून दिली. बोलणे संस्कृत काव्यावरून निघाले आणि धर्माकडे वळले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत तेव्हा पटले नाही. पण पुस्तक वाचून काढीन, असे वचन त्यांनी दिले आणि ते पाळले. वाचता वाचता ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथे त्यांचे मन खिळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो त्यांनी एखाद्या परदेशी पाद्र्याकडून न घेता रेव्हरंड तुकाराम नथोजी या एतद्देशीय धर्मगुरूंच्या हातून घेतला.

गाडीतल्या त्या गृहस्थांचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. पुन्हा भेटही झाली नाही. ज्या माणसाने आयुष्याची दिशा बदलली त्याचे आभार मानण्याची सोयच उरली नाही. असे ऋण फेडायचे कसे? आपल्या जुन्या परंपरेत याचे एक उत्तर आहे. देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण अशी तीन ऋणे तीत सांगितली आहेत. त्यांपैकी ऋषिऋण अध्ययनाने फेडायचे असते, आणि अध्ययन आले की त्यामागून अध्यापनही आलेच. ज्याच्याकडून घेतले त्याला ते परत करता येत नाही. पुढच्याला द्यावे लागते. टिळकांनी हे ऋण याच रीतीने मानले, असे त्यांच्या पुढील चोवीस वर्षांकडे पाहता म्हणावे लागते.

परंतु टिळकांच्या गुरुपरंपरेतील सर्वांत विलक्षण नाव त्या अनाम प्रवाशाचे नव्हे. ते आहे देहूच्या तुकोबांचे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत असत. या सांगण्यात केवढे धाडस होते, याची कल्पना आज सहजासहजी येत नाही. हिंदू समाजाला ते उद्धटपणाचे वाटे, कारण वारकऱ्यांच्या तुकोबाला ख्रिस्ताच्या दारात उभे केल्यासारखे ते दिसे. काही ख्रिस्ती मंडळींना ते संशयास्पद वाटे, कारण शुभवर्तमानाखेरीज आणखी एका वाटाड्याचे नाव त्यात घेतलेले असे. टिळकांना मात्र त्यात साधा प्रामाणिकपणा दिसत होता. देवाशी भांडावे कसे, रुसावे कसे, त्याच्यासाठी रडावे कसे, हे ज्याने शिकविले त्याचे नाव लपविणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटले असते.

त्यांनी हे ऋण शब्दांनी मानले, त्याहून अधिक कृतीने मानले. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत असताना त्यांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग, ओवी आणि कीर्तन मिळवून दिले. तोवर मराठी मंडळ्यांतून बहुधा इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते म्हटली जात. टिळकांच्या पदांनी मराठी ख्रिस्ती माणसाला त्याच्या आईच्या भाषेत आणि आईच्या चालीत प्रार्थना करता येऊ लागली. १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी अखेरच्या वर्षांत केले. १९१७ साली मिशनच्या नोकरीचे बंधन सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोहोंनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

पुलावरून रहदारी एकाच दिशेने होत नाही, याचे उदाहरणही याच मिशनमध्ये सापडते. डॉ. जस्टिन ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे धर्मोपदेशक. त्यांनी आयुष्याचा उत्तरकाळ मराठी संतचरित्रे इंग्रजीत आणण्यात घालविला. महिपतीने सांगितलेले तुकारामचरित्र आणि ‘भक्तविजय’ ही त्यांच्या मालिकेमुळे इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचली. शिकवायला आलेला मनुष्य महिपतीच्या पायाशी विद्यार्थी होऊन बसला. गुरू होण्याची पात्रता शिष्य होण्याच्या तयारीवाचून येत नाही, हेच खरे.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या मातेने, लक्ष्मीबाईंनी, ती विद्या मुलीला दिली. घर नाही, दार नाही, तीर्थाहून तीर्थाला भटकंती, आणि त्या भटकंतीत पहाटे आईने दिलेला पाठ. १८७४ च्या सुमारास उपासमारीने आईवडील गेले. परंतु पाठ राहिला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर चार वर्षांनी, १८८७ मध्ये, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. ते पुस्तक त्यांनी अर्पण केले आपल्या आईच्या स्मृतीला. आईचे शिक्षण आणि आईचा सहवास यांनीच आपल्या आयुष्याला प्रकाश दिला, असा त्या अर्पणपत्रिकेचा आशय आहे. लक्ष्मीबाई डोंगरे हिंदू म्हणून जगल्या आणि हिंदू म्हणून निवर्तल्या. ख्रिस्ती झालेल्या कन्येला पहिली गुरू म्हणून त्यांचे नाव घेण्यात कोठेही संकोच वाटला नाही.

रमाबाईंच्या श्रद्धेला बौद्धिक बळ दिले ते फादर नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोऱ्हे यांनी. १८२५ साली जन्मलेले गोऱ्हे महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी ब्राह्मण कुटुंबातले, काशीतील शास्त्राध्ययनात मुरलेले पंडित. ख्रिस्ती मताचे खंडन करावे म्हणून वादाला उभे राहिलेला हा पंडित १८४८ मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाला. पुढे त्यांनी ‘षड्दर्शन दर्पण’ हा ग्रंथ लिहिला. रमाबाईंच्या शंकांना जी उत्तरे इतरांकडून मिळाली नाहीत ती गोऱ्ह्यांच्या लेखनातून मिळाली, आणि १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी ते मोकळेपणाने नमूद केले. मराठी मुलखाच्या सीमेपलीकडे वाढलेल्या एका मराठी माणसाने मराठी स्त्रीच्या मनाचा गुंता सोडविला. सीमेवरच्या वाचकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांचे ऋण मात्र रमाबाईंना अधिक अवघड रीतीने मानावे लागले. जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. रमाबाईंच्या कन्येचा, मनोरमेचा, सांभाळही त्यांनी केला. पण धर्माच्या बाबतीत आज्ञापालनाची अपेक्षा आली तेव्हा शिष्येने नकार दिला. एका मंडळाच्या अधिकारातून सुटून आपण ख्रिस्ताकडे आलो, ते दुसऱ्या मंडळाच्या अधिकारापुढे सदसद्विवेक गहाण टाकण्यासाठी नव्हे, असा त्यांच्या पत्रांचा सूर आहे. हा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली मुंबईत प्रसिद्ध झाला. तो वाचताना दोन गोष्टी एकदमच जाणवतात. एक म्हणजे मतभेद किती तीव्र होता. आणि दुसरी म्हणजे तो असूनही ‘आजीबाई’ हे संबोधन सुटले नाही. कृतज्ञता म्हणजे होकार नव्हे. गुरूने दिलेल्या प्रकाशात गुरूशी असहमत होता येणे, हाही त्या प्रकाशाचा मानच आहे.

रमाबाईंनी आपले ऋण कोठे फेडले, हे पाहायचे तर पुन्हा या मुलखाकडे वळावे लागते. १८९६-९७ च्या भीषण दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. निमाड तेव्हा मध्य प्रांतातच मोडत असे. उपासमारीने आईबाप गमावलेली मुलगी स्वतः त्या होत्या. त्यामुळे दुष्काळ म्हणजे काय ते त्यांना कोणी सांगावे लागले नाही. या फेरीतून त्यांनी शेकडो मुली आणि स्त्रियांना वाचवून पुणे जिल्ह्यातील केडगावला आसरा दिला. तेथील ‘मुक्ती’ संस्थेचे काम आजही चालू आहे. आईने मुलीला दिलेला पहाटेचा पाठ अशा रीतीने त्या अनाथ मुलींपर्यंत पोहोचला.

तिसरे नाव लक्ष्मीबाई टिळकांचे. टिळकांच्या धर्मांतराची खरी झळ कोणाला लागली असेल तर ती या माउलीला. १८९५ नंतरची काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरात लहान मूल, भोवती नातलगांचे सल्ले आणि समाजाची कुजबूज. अशा अवस्थेत ज्या माणसाने आपल्याला अक्षरओळख करून दिली त्याच माणसाने आपले घर मोडले, असे तिला वाटले असेल तर त्यात नवल नाही. तरीही पुढे ती स्वतःच्या विचाराने पतीकडे परतली आणि १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. तो पतीच्या आग्रहाने नव्हे. जातिभेद देवाने केलेला नाही हे तिला आधी पटले. श्रद्धा त्यामागून आली.

‘स्मृतिचित्रे’ हा त्यांचा ग्रंथ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाला. मराठी वाचकाला त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. कोणत्याही मराठी ग्रंथालयात त्याची पाने बोटांनी मळलेली असतात. त्यातील टिळकांचे चित्र मुद्दाम पुन्हा पाहावे. पती हाच गुरू. पण लक्ष्मीबाईंनी त्याला देव्हाऱ्यात बसविले नाही. त्याचा तापटपणा, विसराळूपणा, हातचे पैसे पहिल्या गरजवंताला देऊन टाकण्याची खोड, सारे त्यांनी हसत हसत सांगितले. आणि त्या हसण्यातून टिळकांचे मोठेपण अधिकच उजळ झाले. गुरूचे दोष झाकून मानलेल्या उपकारात भीती असते. दोष ठाऊक असूनही मानलेल्या उपकारात प्रेम असते.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते. त्यांच्या हातून सुमारे साडेदहा अध्याय झाले आणि मृत्यूने लेखणी थांबविली. ती लक्ष्मीबाईंनी उचलली. शाळेची पायरी न चढलेल्या या स्त्रीने त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. १९३६ साली त्या निवर्तल्या, आणि १९३८ मध्ये ‘ख्रिस्तायन’ ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ज्याने अक्षरे शिकविली त्याचे अपुरे राहिलेले अक्षर तिने पूर्ण केले. गुरुदक्षिणेचे याहून सुंदर उदाहरण मराठीत शोधावे लागेल.

ही परंपरा धर्माच्या कुंपणातच राहिली असे मात्र कोणी समजू नये. बऱ्हाणपूरला लागूनच खानदेश आहे. तेथील धरणगावचा एक मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात ‘बालकवी’ म्हणून महाराष्ट्रापुढे आला. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी ठेवून घेतले आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे सांभाळले. त्याने ख्रिस्ती व्हावे अशी अट कोणी घातली नाही, आणि तो झालाही नाही. टिळकांनी त्याला घर दिले आणि त्याच्या कवितेला मोकळे आकाश दिले. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकापाशी आगगाडीखाली सापडून त्याचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस होते. आगगाडीतल्या एका अनोळखी माणसाने टिळकांना जे निरपेक्षपणे दिले होते ते टिळकांनी या मुलाला तितक्याच निरपेक्षपणे देऊन ठेवले होते. ‘बालकवी’ हे नाव मराठीत राहिले. तेच त्या दानाचे फळ.

शेवटी पुन्हा सातपुड्याकडे. १८९० साली ‘कोरकू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन’ ही संस्था स्थापन झाली. सातपुड्याच्या या डोंगरांतील कोरकू लोकांमध्ये काम करणे हा तिचा उद्देश होता. तिचे एक धर्मोपदेशक, रेव्हरंड जॉन ड्रेक, यांनी लिहिलेले कोरकू भाषेचे व्याकरण १९०३ साली कलकत्त्यात छापून निघाले. ते व्याकरण ड्रेकसाहेबांच्या नावाने ओळखले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या भाषेला लिहिलेले ग्रंथ नव्हते त्या भाषेचे व्याकरण कोणाच्या तोंडून उतरले असेल? शेतावर, रानात, आठवड्याच्या बाजारात कोणी कोरकू पुरुष, कोणी म्हातारी बाई या गोऱ्या विद्यार्थ्याचे उच्चार सुधारीत बसली असेल, त्याच्या चुकांना हसली असेल आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणून दाखवीत असेल. धर्म शिकवायला आलेल्या माणसाला आधी त्यांच्याकडून भाषेचे ओनामे गिरवावे लागले. ती माणसेही त्याची गुरूच होती.

राजनांदगावच्या गाडीतला तो प्रवासी आणि सातपुड्यातले ते कोरकू, दोघेही अनाम. श्रद्धा असो वा विद्या, माणसाला घडविणाऱ्यांपैकी निम्म्यांची नावे अशीच पुसलेली असतात. म्हणून गुरुऋणाचा हिशेब कधी पुरा होत नाही, आणि तो पुरा व्हावा अशी अपेक्षाही नसावी. जितके घेतले तितके पुढे देत राहावे, एवढेच माणसाच्या हाती आहे.

शंभर वर्षे चाललेल्या ग्रंथालयाला हे कोणी समजावून सांगायला नको. देवघेवीच्या नोंदवहीत पुस्तक कोणी नेले आणि कधी परत केले, एवढेच लिहिलेले असते. त्या पुस्तकाने त्याच्या मनात काय केले, याला तेथे रकाना नाही. ग्रंथपालाने फळीवरून काढून दिलेले एखादे पुस्तक कोणाच्या आयुष्याचा पूल ठरले, हे त्याला बहुधा कधीच कळत नाही. टिळकांच्या हाती पुस्तक ठेवून निघून गेलेल्या त्या प्रवाशालाही ते कळले नव्हते. तरी त्याने पुस्तक दिले. शताब्दीच्या या वर्षी ग्रंथालयाच्या सभासदांनी आणि आश्रयदात्यांनी त्या देण्यात आपला हातभार असाच पुढे चालू ठेवावा, हीच सर्व ज्ञात-अज्ञात गुरूंना खरी कृतज्ञता ठरेल.